मुर्रीची डावीकडे झुकलेली जीप

गोंदिया जिल्हा आणि माझं दुकान एकाच वर्षी सुरू झालं, नव्याण्णव साली. जिल्हा झाला म्हणून साहेब आले, ऑफिसं आली, ऑफिसांच्या जीपा आल्या आणि जीपांच्या मागोमाग फुलचूरच्या रस्त्यावर टिनाचं शेड टाकून मी आलो. त्याआधी नागपूरला एका कमानवाल्याकडे हात काळे करत होतो. कमान म्हणजे ट्रक-जीपच्या चाकांवर एकावर एक रचलेले पोलादी पट्टे. काही गाड्यांना पुढच्या बाजूला कमानीऐवजी जाड सळईची गुंडाळलेली स्प्रिंग असते. गाडीचं सगळं वजन या दोघींवर, आणि वजन झेलून झेलून त्या दबतात. माझं काम एवढ्यापुरतंच. इंजिनाला मी हात लावत नाही, हे गिऱ्हाईक खाली उतरायच्या आतच सांगून टाकायचो. त्यामुळे मिस्त्री तिरसट आहे अशी ख्याती झाली. ती खोटी आहे असं माझी बायकोही म्हणत नाही.

दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मी आधी हसलोच. आमच्या धंद्यात सांगण्यासारखं काय? दोन चकत्या आणि दोन गुटके. पण त्यांनी मला पंचवीसेक वर्षं पोसलं, तेव्हा त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायला हरकत नाही.

जीप कंपनीतून येते तेव्हा तिचं तोंड जरा खाली आणि मागची बाजू जरा वर असते. मागे माल भरला की ती बाजू दबते आणि गाडी सरळ होते, असा कंपनीचा हिशेब. आमच्याकडचे लोक मात्र तीच गाडी नाल्यात घालणार, धानाच्या बांध्यांमधल्या बैलगाडीच्या पांदणीतून नेणार. तोंड खाली असलं की नाला चढताना बंपर मातीत घुसतो. मग मालक येतो आणि म्हणतो, पुढून उचला, लेव्हल करा. त्यासाठी स्पेसर. पुढे स्प्रिंग असेल तर तिच्या डोक्यावर बसवायची जाड चकती, मागे कमान असेल तर कमान आणि एक्सल यांच्यामध्ये ठेवायचा लोखंडी गुटका. बसवायला फार वेळ लागत नाही. दिवस जातो तो कोणत्या जाडीचा बसवायचा हे ठरवण्यात, आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच पटत नाही.

एका ठेकेदाराचा पुतण्या होता. नवी कोरी जीप, काचांना काळी फिल्म, गाण्यांचा आवाज गाडीच्या आधी दुकानापर्यंत येणारा. त्याने स्वतःच टेप लावून मोजलं होतं. पुढची बाजू मागच्यापेक्षा दोन इंच खाली, म्हणून त्याला दोन इंचाची चकती हवी होती. मी सांगितलं, या गाडीत स्प्रिंग चाकाच्या बरीच आत बसते, त्यामुळे तिथे एक इंच घातला तर चाकापाशी जवळजवळ दोन इंच उचलते. तू दोन घालशील तर चार उचलेल. तो म्हणाला, "मिस्त्रीजी, दो मतलब दो. हिसाब मुझे भी आता है." मी हात जोडले. दुसऱ्या कुणाकडून तरी त्याने हवं ते करून घेतलं. मग काही दिवस ती जीप आभाळाकडे तोंड करून गावातून हिंडत होती. रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचे आणि समोरच्या खड्ड्यात अंधार. टायर आतल्या कडेने झिजून गेले तेव्हा स्वारी परत आली. गाणी बंद होती. मी एक इंचाची चकती बसवून दिली आणि एक शब्द बोललो नाही. न बोलायला मला किती कष्ट पडले, ते माझं मला ठाऊक.

दुसरे मडावी. देवरीकडच्या जंगलातले, हातात सुतारकाम, लाकडाची पारख अशी की नुसतं नख मारून झाडाचं वय सांगायचे. मागे ठेवायचे गुटके त्यांनी घरूनच करून आणले होते, बिजा लाकडाचे. काय काम होतं म्हणून सांगू! कडा गोल केलेल्या, मोहाचं तेल पाजलेलं, सेंटर बोल्टचं भोक केसाचाही फरक न पडता बरोबर मधोमध. लोखंड गंजतं, बिजा गंजत नाही, असं त्यांचं म्हणणं. चूक अशी की लाकूड कितीही जातिवंत असलं तरी ते दबतं. दबलं की कमानीला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल होतात, आणि चालत्या गाडीत एक्सल सरकला तर देवच राखील. हे मी तोंडी सांगून उपयोग नव्हता. मी एक गुटका बसवला आणि त्यांच्याच हातात पाना देऊन आवळायला लावलं. थोड्या वेळाने लाकूड करकरलं. तो आवाज त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता. "नाही झेपत याले," एवढंच म्हणाले आणि लोखंडी घेऊन गेले. जाताना बिजाचे गुटके मला ठेवून गेले. ते आजही आमच्या घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कामी येतात.

आता ज्या गाडीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. मुर्री गावची ती जीप बरीच वर्षं गोंदियाच्या बाजारात डावीकडे झुकून फिरली आणि माझ्या नावाला बट्टा लावत राहिली. चहाच्या टपरीवर लोक मला ऐकू जाईल असं म्हणायचे की बघा, लेव्हलवाल्या मिस्त्रीचं काम. ती गाडी मीच तिरपी केली होती. पण तिला आधी सरळही मीच केलं होतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

हिरालाल बाबूजी मुर्रीचे, पोवारांचं मोठं खटलं, धानाची जमीन. माणूस उंच, आडवा, आवाज असा की नांगरावरचा गडी पलीकडच्या धुऱ्यावरून, शेताच्या टोकाच्या बांधावरून, ओ देई. जीप त्यांचा मुलगा दिलीप चालवायचा आणि बाबूजी डाव्या बाजूला पुढे बसायचे. ती जागा त्यांचीच. लग्न असो की बाजार, तिथे दुसऱ्या कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. तर हे बापलेक पहिल्यांदा आले तेव्हा गाडी पुढून बसली होती आणि डावीकडे जरा जास्तच बसली होती. त्याचं कारण डाव्या सीटवर बसून मला सूचना देत होतं.

माझी एक पद्धत होती. गाडी रोज जशी चालते तशीच भरून मापायची. पेट्रोल-डिझेल असेल तेवढं, मागे धानाची पोती, आमच्याकडचे कट्टे, असतील तर कट्टे, आणि माणसं आपापल्या जागी. रिकामी गाडी सरळ करून काय उपयोग? ती रिकामी कधी धावतच नाही. म्हणून मी बाबूजींना उतरू दिलं नाही. टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही बाजूंनी मापत राहिलो. जमिनीपासून मापलं तर टायरमधली हवा फसवते, म्हणून चाकाच्या मध्यापासून. बराच वेळ झाला तसे बाबूजी चिडले.

"मी का गाडी आहो जी? मले कायले मापून राहिले?"

मी म्हटलं, बाबूजी, या गाडीचा सगळ्यात वजनदार पार्ट तुम्हीच आहात. दिलीपने घाबरून माझ्याकडे पाहिलं. पण बाबूजी असे हसले की गाडी हलली आणि मला माप पुन्हा घ्यावं लागलं. मग त्यांनी चहा मागवला, मलाही पाजला आणि सीटवर बसूनच त्यांच्या बहिणीच्या गावाचं सांगितलं. तिला इटियाडोहच्या कालव्याकाठी दिलेली होती आणि कालव्याचा रस्ता पार उखडलेला होता. बहिणीच्या दारात गाडी नेऊन उभी करायची, एवढ्यासाठी त्यांना ती उंच हवी होती. मी उजवीकडे पातळ चकती घातली, डावीकडे जाड घातली, मागे दोन्ही बाजूंना गुटके दिले. बाबूजी बसले की गाडी ओळंब्यात यायची आणि ते उतरले की डावी बाजू किंचित वर जायची. तेव्हापासून दर धान कापणीनंतर ते गाडी दाखवायला आणायचे. दाखवायला म्हणजे काय, गप्पा मारायला. मला ते फार आवडायचे. हे त्यांच्या तोंडावर मी कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्यांनी मला दुकान बंद करून घरी जेवायला नेलं असतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका कापणीनंतर जीप आली नाही. नंतर दिलीप एकटाच मोटारसायकलवर आला. बाबूजींना लकवा मारला होता. डावा हात, डावा पाय गेला होता, जीभ जड झाली होती. दवाखान्यातून घरी आणताना त्यांना दोघातिघांनी मिळून जीपमध्ये चढवलं, धानाचा कट्टा चढवतात तसं. घरी पोचेपर्यंत बाबूजी कुणाकडे बघेनात. त्या दिवसानंतर ते गाडीत बसले नाहीत. उचलायला कुणी जवळ आलं की चांगल्या हाताने ढकलून देत. काठी धरून अंगणात दोन फेऱ्या मारत आणि उरलेला दिवस रस्त्याकडे पाठ करून खाटेवर बसून राहत. शेत घरापासून चालत जाण्यासारखं नव्हतं. धान निसवला, कापला गेला, मळणी झाली, बाबूजींनी काही पाहिलं नाही. जेवणही कमी होत चाललं होतं.

दिलीपला जीप विकायची होती. कार खाली असते, बाबूजी सहज बसतील, म्हणून तो मला जीपची किंमत विचारायला आला होता. बिचाऱ्याचं चुकत नव्हतं. मी विचारलं की कार तुमच्या पांदणीतून जाईल का. कारमधून बाबूजी बाजारात गेले असते, लग्नाला गेले असते. त्यांना जायचं होतं धुऱ्यावर.

मी म्हटलं, मी येऊन बघतो. दिलीपने आधीच बरंच करून पाहिलं होतं. लोखंडी पायरी जोडली होती, पण पायरीवर चढायचं म्हणजे मागून डावा पायही उचलून आणायचा, आणि तो तर येत नव्हता. स्टूल ठेवून पाहिलं, तर स्टूल मांडायला आणि उचलायला माणूस लागतो, तेही बाबूजींना नको. त्यांच्याने एकच गोष्ट होत होती. काठी ठेवायची, उजवा पाय एकदाच वर टाकायचा आणि उजव्या हाताने स्वतःला ओढून घ्यायचं. तो एक पाय जिथवर पोचेल तिथवर गाडी खाली यायला हवी होती.

त्यांच्या अंगणात विटा पडल्या होत्या. मी भिंतीशी विटा रचत गेलो आणि बाबूजींना प्रत्येक थरावर पाय ठेवायला सांगत गेलो. त्यांची बायको, दिलीपची आई, दारातून बघत होती. तिला वाटलं मी थट्टा करतोय. बाबूजींना मात्र लगेच कळलं मी काय करतोय ते. जिथे पाय अडला तिथे घामाघूम होऊन थांबले, पण खाली बसले नाहीत. तोंडातून शब्द तुटत तुटत आले.

"उचलू... नोका. मी चढतो."

मी टेप लावला. पाय पोचत होता त्यापेक्षा जीपचा पायाखालचा पत्रा थोडका उंच होता, दोन-अडीच इंचांचा मामला. एवढ्याशा फरकासाठी हा माणूस खाटेवर बसून होता, आणि त्यातली बरीचशी उंची मीच हौसेने घातली होती.

सोपा उपाय म्हणजे चारही स्पेसर काढून टाकायचे. मी हिशेब करून पाहिला. तसं केलं असतं तर इंजिनाखालचं तेलाचं चेंबर पांदणीतल्या मधल्या उंचवट्यावर घासलं असतं. ते फुटलं म्हणजे बाबूजी शेतात आणि गाडी पांदणीत अडकलेली. म्हणून फक्त डावीकडचे काढायचे ठरवलं, पुढची जाड चकती आणि मागचा गुटका. उजवीकडचे तसेच. चेंबर गाडीच्या मध्यावर असतं, ते त्यामुळे निम्मंच खाली आलं असतं. राहिलेली थोडी उंची हाताच्या जोरावर काढायची, त्यासाठी दरवाजाच्या खांबाला एक मजबूत हँडल वेल्ड करायचं.

दिलीपने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "गाडी तिरपी दिसन ना मिस्त्रीजी. सोयरे हासतीन."

खरं सांगायचं तर मलाही ते जिवावर आलं होतं. आयुष्य लोकांच्या गाड्या सरळ करण्यात गेलं, रस्त्यात तिरपी गाडी दिसली की मला खाज सुटते. आता स्वतःच्या हाताने एक तिरपी करून, दुकानाचं नाव माहीत असलेल्या गावात सोडायची होती. मी त्याला म्हटलं, हसतील ते मला हसतील, तुम्ही गाडी काढा.

दुकानात नेऊन काम केलं. डावं चाक दणक्यात मडगार्डला लागू नये म्हणून रबरी ठोकळा बसवला, हँडल लावलं आणि जीप मुर्रीला परत नेली. अंगणात उभी केली तेव्हा ती अशी दिसत होती, जणू डाव्या बाजूला कुणीतरी आधीच बसलंय. शेजारचे दोघे-तिघे आले. मला गर्दी नको होती, पण खेड्यात नको म्हणून गर्दी थांबत नाही.

दिलीपने उत्साहाने स्टेअरिंगवर बसून इंजिन सुरू करून ठेवलं. बाबूजी काठी टेकत आले. काठी गाडीला टेकवून ठेवली, हँडल धरलं आणि उजवा पाय उचलला. बोटं पत्र्याच्या कडेला लागली आणि घसरली. मी आधाराला पुढे झालो तर त्यांनी असं पाहिलं की मी होतो तिथेच थांबलो. दुसऱ्यांदाही तेच झालं. पाय कडेला लागायचा, वर जायचा नाही. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. दिलीपच्या आईने आता पुरे म्हणून हळूच सांगितलं. बाबूजींचा हात हँडलवरून सुटला नव्हता, पण मान खाली गेली होती. आज ही गोष्ट फसली तर ते पुन्हा कधी गाडीजवळ येणार नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

मी टेप काढला. दुकानात मापलं होतं त्यापेक्षा डावी बाजू दोन सूत वर होती. आमच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. पण ही उंची आली कुठून? काही काढलेलं नव्हतं, काही घातलेलं नव्हतं. मग माझी नजर उजवीकडे गेली. तिकडे दिलीप बसला होता, बापाचाच मुलगा, तब्येतीने बापाच्या वळणावर गेलेला. त्याच्या वजनाने उजवी बाजू दबली होती आणि डावी वर आली होती. माणसांसकट मापायचं, हे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत होतो, पण चढताना गाडीत कोण असावं आणि कोण नसावं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"दिलीपभाऊ, गाडी बंद करा आणि उतरा," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही, पण तो उतरला. गाडी कुरकुरली आणि डावीकडे झाली. बाबूजींनी ते पाहिलं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. दम घेतला, हँडलवरची पकड बदलली, पाय उचलला. पाय पत्र्यावर सपाट बसला. मग त्यांनी स्वतःला ओढलं. हँडल कुरकुरलं, त्यांच्या गळ्यातून एक हुंकार निघाला आणि ते धाडकन सीटवर येऊन आदळले. क्षणभर तसेच बसून राहिले. मग उजव्या हाताने डाव्या पायाचं धोतर धरलं, तो पाय एखादी वस्तू उचलावी तसा उचलून आत ठेवला आणि समोरच्या काचेतून बघायला लागले.

दिलीपची आई भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती. दिलीप खांबासारखा उभा. असं काही झालं की मी धंद्याचं बोलू लागतो. म्हणून मी दिलीपला बाजूला घेऊन सूचना द्यायला लागलो. चाकांची अलाइनमेंट करून घ्या, डांबरी रस्त्यावर जोरात नेऊ नका, वळणावर सांभाळा, आणि बाबूजी बसल्याशिवाय तुम्ही बसायचं नाही, हे आता कायमचं लक्षात ठेवा. तो माना डोलवत होता. ऐकत काही नव्हता.

तेवढ्यात हॉर्न वाजला. शेजारच्या ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. बाबूजींनी आपला चांगला हात लांब करून स्टेअरिंगवर दाबून धरला होता आणि सोडायला तयार नव्हते. कोंबड्या पळाल्या, शेजारचे हसायला लागले, आणि दिलीप माझं बोलणं अर्ध्यावर टाकून धावत सुटला. धावताना त्याच्या एका पायातली चप्पल अंगणातच राहिली. तो ती घ्यायला वळला, पण बाबूजींनी त्याला तेवढंही थांबू दिलं नाही.